मोहसीन खातो, परचुरे लिहितो

मंगळवार, सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं. दुबईतल्या आमच्या इंग्रजी दैनिकाचा चौथा मजला, फीचर्स डेस्क, खिडकीकडून दुसरं टेबल. दिलीप परचुरे उजव्या हाताने दुधीची भाजी-पोळी खात होता आणि डाव्या हाताच्या एका बोटाने लॉबस्टरवर लिहीत होता.

वेळ आणि जागा मुद्दाम सांगितली. नंतर कोणी म्हणायला नको की मीनल रंगवून सांगते. तीस वर्षं रिपोर्टिंग केल्यावर छापून आलेल्या बातम्या माझ्या लक्षात नाहीत. न छापलेल्या मात्र साठत गेल्या आहेत. कोर्टाच्या, लेबर कॅम्पच्या, मंत्र्यांच्या. पण त्यातल्या सगळ्यात जास्त धक्का देणाऱ्या कुठल्या, असं विचाराल तर फीचर्स डेस्कच्या. जिथे म्हणे काहीच घडत नाही.

तर, लॉबस्टर. मी तेव्हा नुकतीच लेबर कोर्टाच्या बीटवरून फीचर्सला आले होते. परचुरे आमचा फूड क्रिटिक. पुण्याचा. शनिवारी त्याचा कॉलम येतो आणि त्याने चांगलं म्हटलं की त्या हॉटेलात दोन आठवडे टेबल मिळत नाही. मी सहज विचारलं, "कसा होता रे लॉबस्टर?"

"मला काय माहीत? मी शाकाहारी आहे."

"मग हे काय लिहितोयस?"

"मोहसीनने खाल्ला ना," परचुरे म्हणाला आणि पोळीचा तुकडा मोडला.

*

मोहसीन मुकादम आमचा फोटोग्राफर. रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळचा. त्याचे वडील बंदरावर माशांचा लिलाव पुकारायचे. चालायला लागल्यापासून हा त्यांच्या मागे टोपल्यांमधून फिरलेला.

शारजात अल नहदाला आमच्या बिल्डिंगी समोरासमोर. तो मला गाडीतून न्यायचा-आणायचा. सकाळी दुबईच्या हद्दीवर ट्रॅफिक तुंबलं की तास-सव्वा तास बोलण्याशिवाय दुसरं काम नसतं. त्याच दिवशी संध्याकाळी परतताना मी त्याला गाडीत गाठलं.

"कधीपासून चाललंय हे?"

"अकरा वर्षं झाली, ताई. पहिल्यांदा सरांनी मला विचारलं, हा हमूर मासा ताजा आहे का बघ. मी म्हटलं, सर, बर्फात ठेवलेला आहे, तीन दिवसांचा. सरांनी तसंच लिहिलं. मालक माफी मागायला ऑफिसात आला. तेव्हापासून मी फोटो काढतो, मग खातो, मग गाडीत सरांना सांगतो. सर लिहून घेतात."

"आणि नाव?"

"फोटोखाली येतं की."

"फोटोचं नाही विचारत मी."

त्याने हॉर्न वाजवला. पुढे हलायला जागा नव्हती, तरी वाजवला.

मी घरी जाऊन जुने कॉलम काढले. 'कोळंबी जास्त शिजली की ती अंग आखडून घेते, लाजल्यासारखी.' ह्या वाक्यावर वाचकांची पत्रं आली होती. परचुरेने जन्मात कोळंबीला बोट लावलेलं नाही.

*

मग आमंत्रण आलं. स्पेनच्या उत्तरेला, बास्क लोकांच्या मुलखात, समुद्रकाठी सान सेबास्तियान नावाचं शहर आहे. तिथले लोक त्याला दोनोस्तिया म्हणतात. खाण्यासाठी जगभरातून माणसं तिथे जातात. तिथल्या पर्यटनवाल्यांनी आमच्या पेपरला तीन जागा दिल्या. खाणं परचुरे लिहिणार, संस्कृती मी, फोटो मोहसीनचे.

मोहसीनने मला गाडीत सांगितलं, "ताई, ह्या वेळी सर म्हणालेत, दोघांची नावं टाकू. बाय परचुरे अँड मुकादम. इन्शाल्ला."

त्याला ते नाव कशासाठी हवं होतं तेही सांगते. शारजातच अल मजाजला, खालिद लगूनच्या काठी, एक सीफूड रेस्टॉरंट उघडणार होतं. मालक श्रीवर्धनचे, मोहसीनला ओळखणारे. मासळीची खरेदी आणि मेन्यू सांभाळायला त्यांना माणूस हवा होता. पण पार्टनर लेबनॉनचा. तो म्हणाला, फोटोग्राफरला मी किचन देऊ? ह्याला चव कळते असा कागद दाखवा. मोहसीनकडे अकरा वर्षांचे साडेपाचशे कॉलम होते आणि त्यातल्या एकावरही त्याचं नाव नव्हतं.

मोहसीनची आयेशा दहावीला. ती म्हणाली, "अब्बा, जस्ट पुट इट ऑन युअर सीव्ही." मोहसीन म्हणाला, "बेटा, सीव्हीवर तर मी फुटबॉलपण खेळतो."

*

पहिला दिवस, दुपारी एक. जुन्या शहरातली अरुंद गल्ली आणि बारला चिकटून बार. प्रत्येकाच्या काउंटरवर पिंचो मांडलेले. पिंचो म्हणजे पावाच्या चकतीवर रचलेला एक घास, बहुतेकदा काडीने टोचलेला. रिवाज असा की एका बारमध्ये उभ्याउभ्या एखाद-दुसरा पिंचो खायचा आणि पुढच्या बारमध्ये जायचं. कुठल्या बारचं काय खास, ते तिथल्या शाळकरी पोरांनाही पाठ.

आम्ही तिघं आत शिरलो आणि बसायला टेबल शोधू लागलो. मग प्लेटा मागितल्या. मग परचुरेने मेन्यूकार्ड मागितलं. पर्यटनवाल्यांनी सोबत दिलेली मुलगी, मायते तिचं नाव, हसू दाबत म्हणाली की कार्ड नाही, समोर दिसतंय तेच कार्ड.

पहिला पिंचो हॅमचा. मोहसीन मागे सरकला. दुसरा गालाच्या मांसाचा, रेड वाईनमध्ये शिजवलेला. मोहसीन आणखी मागे सरकला. तिसरी खेकड्याची वाटी. मोहसीन पुढे आला. "ताई, दारू घातलीय का विचारा." मायतेने विचारलं. ब्रँडी घातली होती. चौथा हेक मासा हिरव्या सॉसमध्ये, आणि त्यात व्हाइट वाईन.

तेव्हा कुठे ट्यूब पेटली. अकरा वर्षांची ही व्यवस्था दुबईत चालली, कारण तिथे प्रत्येक हॉटेलात मोहसीनला खाता येईल असं काहीतरी असतंच. इथे येऊन मासा वाईनशिवाय मिळेना. खाण्याच्या शहरात आमच्या पेपरने खाण्यासाठी दोन माणसं पाठवली होती आणि दोघांनाही खाता येत नव्हतं.

परचुरेने माझ्याकडे पाहिलं. "मीनल, तू खा. आणि सांग."

मी सगळं खाते. खाल्लं.

"कसं आहे?"

"छान आहे."

"छान म्हणजे काय?"

"छान म्हणजे छान."

"अगं, तोंडात गेल्यावर आधी काय लागतं? मग काय लागतं?"

"आधी पाव लागतो. मग पाव संपतो."

मोहसीनने कपाळाला हात लावला. "सर, राहू द्या. ह्यांना कोर्टात बोलवा फक्त."

परचुरे स्वतः चार दिवस भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि पावावर राहिला. तिथलं बटाट्याचं जाड ऑम्लेट तेवढं खायचा. मी म्हटलं, अंडं चालतं वाटतं? तर म्हणे, "भारताबाहेर चालतं."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता मोहसीन हॉटेलातून गायब. मी आणि मायते शोधत निघालो. समुद्रावर जाऊन आलो, शिंपल्यासारखी वळलेली ती सुंदर चौपाटी बघितली, खडकात रोवलेली लोखंडी शिल्पं बघितली. माझी संस्कृती तिथेच उरकली. साहेब सापडले मासळी बाजारात.

काउंटरमागे साठीची एक बाई, रबरी एप्रन, हातात सुरी. तिला इंग्रजी येत नाही, ह्याला स्पॅनिश नाही. हा एकेका हेकचा कल्ला उचलून बघतोय आणि ती वैतागलीय. हात लावू नका अशी पाटी होती, ह्याने ती वाचली नव्हती. तिने मुद्दाम एक मासा पुढे केला. मोहसीनने कल्ला पाहिला, पोटावर अंगठा दाबला, नको म्हणून मान हलवली आणि तिच्या मागच्या क्रेटमधल्या एका माशाकडे बोट दाखवलं. नुसतं शेपूट दिसत होतं त्याचं.

बाईने सुरी खाली ठेवली. मायतेला काहीतरी म्हणाली. मायते म्हणाली, "ती विचारतेय, हा कुठल्या बोटीवर होता?"

मग बाईने त्या क्रेटमधल्या माशांच्या गळ्याखालचे मऊ तुकडे काढून कागदात बांधून दिले. तिथे तो भाग सोन्यासारखा मानतात. मोहसीन मला म्हणाला, "आमच्याकडे हा तुकडा आई कोणाला देत नाही. स्वतः खाते, चुलीपाशी बसून."

*

त्याच दुपारी दोन वाजता आम्हाला एका खाद्यमंडळात जेवायला नेलं. ह्या शहरात अशी शेकड्याने मंडळं आहेत. सभासद पुरुष. भाड्याची किंवा विकत घेतलेली जागा, मोठं किचन, लांब टेबलं. पुरुष स्वतः बाजार करतात, स्वतः रांधतात, मित्रांना वाढतात. मला वाटलं, वा, आपल्याकडच्या पुरुषांना आणून दाखवावं. आणि मी किचनमध्ये शिरायला गेले.

अध्यक्ष इन्याकी नावाचे, सत्तरीचे, पूर्वी मासळीचे व्यापारी. त्यांनी दारात हात आडवा धरला.

मायते खाली बघत म्हणाली, "बायकांनी टेबलावर बसायचं. किचनमध्ये नाही. आता काही मंडळांनी बदललंय. ह्यांनी नाही."

"तू कधी आत गेलीस?"

"माझे आजोबा इथे सभासद होते. मी आत कधीच गेले नाही."

मी तीस वर्षं पोलीस ठाण्यांत, शवागारांत, मालकांच्या केबिनमध्ये घुसलेली बाई. आणि मला स्वयंपाकघराच्या दारात अडवलं. स्वयंपाकघराच्या. मी इंग्रजीत, हिंदीत आणि शेवटी मराठीत काय वाटतं ते सांगितलं. इन्याकींनी नम्रपणे मान डोलावली आणि हात तसाच ठेवला. मग त्यांनी माझ्या खांद्यावरून बघितलं, मोहसीनच्या हातातली कागदाची पुडी त्यांना दिसली. त्यांनी ती उघडली, वास घेतला आणि त्याला दंडाला धरून आत नेलं.

मी उंबऱ्यावर उभी राहून पाहिलं. उंबऱ्यावर उभं राहायला बंदी नव्हती.

इन्याकींनी मातीचं पसरट भांडं मंद आचेवर ठेवलं. ऑलिव्हचं तेल, लसूण, एक सुकी मिरची. मासा. वाईन नाही, पीठ नाही. मग चमचा न घालता भांडंच दोन्ही हातांनी धरून गोल गोल हलवायला लागले. माशातला चीक सुटतो आणि तेल दाट होत जातं, पांढरट साईसारखं. ह्याला तिथे पिल-पिल म्हणतात. शिकायला वर्षं लागतात, मायते म्हणाली, पुष्कळांचं फाटतं.

मोहसीन दोन मिनिटं बघत राहिला. मग म्हणाला, "द्या इकडे." मराठीत. इन्याकींनी दिलं.

दाभोळला माशाच्या कालवणात डाव घालत नाहीत. तुकडे मोडतात. दोन फडक्यांनी पातेलं धरायचं आणि फिरवायचं. मोहसीनने तेच केलं. मनगट सैल, कोपर अंगाशी. तेल दाटलं. किचनमधले सहा म्हातारे वळून बघायला लागले. एकाने बोट बुडवून चाखलं आणि दुसऱ्याला बोलावलं.

भिंतीवर एक फळा होता. कुठल्या टेबलासाठी कोण रांधतंय ते त्यावर खडूने लिहितात. इन्याकींनी स्वतःचं नाव पुसलं आणि स्पेलिंग विचारून तिथे 'मोहसीन' लिहिलं. मोहसीनने त्या फळ्याचे अकरा फोटो काढले. जेवणाचा एकही काढला नाही.

टेबलावर परचुरे पाव-मिरची घेऊन वही उघडून बसला होता. मोहसीन जेवत जेवत सांगत होता, "सर, हा मासा घाई केलेली सहन करत नाही. आच वाढवली की रुसतो आणि तेल सोडून देतो. धीर धरला की सगळं देतो." परचुरे लिहून घेत होता. मी तिथेच म्हटलं, "परचुरे, दोघांची नावं."

"हो गं. ठरलंय ते."

*

तीन आठवड्यांनी पुरवणी आली. सहा पानं. मधल्या पानावर मोठ्या टायपात ते वाक्य: 'हा मासा घाई सहन करत नाही.' वर लेखक, दिलीप परचुरे. फोटोखाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत मोहसीन मुकादम. मंडळाचा किस्साही होता. त्यात पातेलं फिरवणारा होता 'आमच्यातला एक जण'.

मोहसीनने ते पान माझ्या टेबलावर ठेवलं. मी ते उचलून सरळ संपादकांच्या केबिनमध्ये गेले. संपादक लखनौचे, आवाज कधी चढवत नाहीत. मी सगळं सांगितलं. अकरा वर्षं, साडेपाचशे कॉलम, शाकाहारी क्रिटिक. मला वाटलं, खुर्चीतून उठतील.

"मालूम है, मीनल."

"मालूम है?"

"सबको मालूम है. सेल्सवालों को भी. रीडर को क्या फर्क पडता है? स्वाद तो सही लिखा है ना."

मी बाहेर आले तेव्हा डेस्कवर कोणीच मान वर केली नाही. म्हणजे खरंच सगळ्यांना माहीत होतं. शोधपत्रकार म्हणवणाऱ्या मला परचुरेने स्वतः सांगेपर्यंत जे कळलं नव्हतं, ते ऑफिसात चहा देणाऱ्या बाईलाही ठाऊक होतं. तिने मला नंतर सांगितलं, "मॅडम, मोहसीनभाई सुट्टीवर गेले की परचुरे सर डेझर्टवर लिहितात."

*

दोन महिन्यांनी फोटोग्राफर कमी केले. सहापैकी चार. रिपोर्टरनी आता मोबाइलवर फोटो काढावेत अशी ईमेल आली. मोहसीन चारांत होता. नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसाची मुदत संपायच्या आत दुसरी नोकरी हवी. हे इथे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

अल मजाजची जागा अजून रिकामी होती. लेबनॉनचा पार्टनर अजून म्हणत होता, कागद आणा. एचआरने सर्टिफिकेट दिलं, त्यात 'फोटोग्राफर'. मी माझ्या सहीचं पत्र दिलं. पार्टनरने ते वाचलं आणि मोहसीनला विचारलं, "हबीबी, ही मॅडम तर कोर्टाच्या बातम्या लिहिते ना?"

कॉलममधली चव मोहसीनची होती, एवढी एक ओळ परचुरेने लिहून द्यायची होती.

मी, मोहसीन आणि परचुरे, तिघं कॅन्टीनमध्ये बसलो. दुपारचे साडेबारा.

"सर, एक ओळ," मोहसीन म्हणाला. "पेपरात नको. नुसत्या कागदावर."

परचुरे बराच वेळ डब्याचं झाकण फिरवत राहिला. "मोहसीन, तुला वाटतं मला कळत नाही? पण तो कागद फिरणार. उद्या एखाद्या मालकाने तो छापला तर मी कोण उरतो? माझाही व्हिसा आहे. माझीही दोन मुलं आहेत."

"मी नाही फिरवणार, सर."

"तू नाही फिरवणार. तो पार्टनर?"

मी म्हटलं, "परचुरे, अकरा वर्षं ह्याच्या जिभेवर जेवलास."

"तू ह्यात पडू नकोस, मीनल."

"पडलेय."

मोहसीनने माझा हात दाबला. "राहू द्या, ताई. खलास." उठताना त्याने परचुरेचा डबा उचलून सिंकपाशी नेऊन ठेवला. सवयीने.

बायको आणि आयेशा परीक्षेपर्यंत शारजात मेव्हण्याकडे राहिल्या. मोहसीन एकटाच दाभोळला गेला. एअरपोर्टवर मी सोडायला गेले होते. त्याने फोन काढून मला फळ्याचा फोटो पाठवला. म्हणाला, "तुमच्याकडेपण असू द्या."

*

आता शेवटचं. ह्यावर मला कोणी काही समजावून सांगेल तर बरं.

मोहसीन जाऊन तीन महिने झाले. मला वाटलं होतं, आता डेझर्ट येतील. पहिल्या शनिवारी फुजैराची सुरमई आली. 'शेपटीकडचा तुकडा मधल्यापेक्षा किंचित गोड, आणि कातडीजवळ खारट.' दुसऱ्या शनिवारी शिंपल्या. तिसऱ्या शनिवारी हमूर, तीन दिवस बर्फात ठेवलेला, आणि ते कॉलममध्ये स्पष्ट लिहिलेलं. पुढच्या मंगळवारी त्या हॉटेलचा मालक ऑफिसात माफी मागून गेला.

मी दाभोळला फोन लावला आणि हमूरचा कॉलम वाचून दाखवला. "मोहसीन, तो तुला विचारतो का रे फोनवर? जुन्या वह्यांतलं आहे का?"

"नाही, ताई. सरांचा एकही फोन नाही. आणि ह्या हॉटेलात तर मी कधी गेलोच नाही. नवीन आहे ते."

"मग बरोबर लिहिलंय का त्याने?"

"एकदम बरोबर, ताई," मोहसीन म्हणाला. "मी असतो तर हेच सांगितलं असतं."

परचुरे अजून माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. डब्यात काल पडवळ होतं. नवीन फोटोग्राफर नेमलेला नाही. फोटो तो स्वतः मोबाइलवर काढतो आणि हॉटेलात एकटा जातो, मी तीन हॉटेलांत विचारून खात्री केली. सोमवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी मी परचुरेला, संपादकांना आणि एचआरला एकत्र ईमेल पाठवली. त्यात एकच प्रश्न होता: हमूर कोणी खाल्ला?

तिघांनीही ती उघडल्याचं दिसतं. उत्तर आलेलं नाही. शनिवारी खेकड्यांवरचा कॉलम आला.